पहिल्या घंटेले उठाचं नाई

गावात टुरिंग टॉकीज आली होती तेव्हाची गोष्ट. इंटरव्हलची घंटा झाली, पाटील चहाला म्हणून उठले, तर बाजूला बसलेल्या यमुनाआत्याने त्यांचा खांदा धरून त्यांना खाली बसवलं. "बसा भाऊ. घंटा झाली म्हून उठाचं नाई." पाटील गावचे पाटील, वजन ऐंशी किलो, तरी बसले. चहा हुकला तो हुकलाच.

हे एकदा झालं असतं तर मी सांगितलं नसतं. पण कीर्तन संपून देवळातली घंटा वाजो, कुल्फीवाल्याची घंटी वाजो, आत्या शेजारी असली की तुमचा खांदा तिच्या हातात गेलाच. आम्हा पोरांच्या कित्येक कुल्फ्या तिच्यापायी पुढच्या आळीत निघून गेल्या. राग यायचा. पण तिच्यापुढे बोलायची टाप नव्हती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण नव्हे. ती गावची लेक, म्हणून गावातल्या सगळ्या पोरापोरींची आत्या. लग्न होऊन पुलगावला गेली आणि दीड वर्षात नवरा वारल्यावर परत आली. पुढे आईबाप गेले, भाऊ नागपूरला नोकरीला गेला, आणि बापाची पिठाची चक्की तिच्याकडे राहिली. भुवयांवर कायम पीठ. घरात एक ताट, एक तांब्या, एक बाज. "चक्की चालू राह्यली का बरं वाटते," ती माझ्या आईला सांगायची. "बंद केली का घर खायले धावते, बाई."

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला नऊ किलोमीटरवर देवळीला, हायस्कुलात. वर्धा-नागपूरच्या लोकांना यात काय मोठं असं वाटेल. त्यांना वाटू द्या. आमच्या शाळेत दोन खोल्या होत्या आणि सातही वर्गांना मिळून दोन गुरुजी. दिवसाला घंटा दोनच, एक भरायची आणि एक सुटायची. तिथून उठून पोरांनी एकदम बेंचावर बसायचं, आठ तासांना आठ सर, आणि 'गुरुजी' म्हटलं की वर्ग हसणार. तर या हायस्कुलाची तयारी यमुनाआत्या करून घ्यायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. सातवीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी ती घरी हजर. "पोट्टी पास झाली ना? उद्यापासून पाठवजो अंगणात."

आमच्याकडे शाळा जूनच्या अखेरीला उघडते, उन्हापायी. तोवरचा अख्खा मे महिना सकाळी सात ते दहा तिच्या अंगणात हायस्कूल भरायचं. गोणपाटाच्या घड्या म्हणजे बेंच. कडुनिंबाला नांगराचा जुना फाळ टांगलेला, ती घंटा. दर पस्तीस मिनिटांनी आत्या आत जायची, फाळावर ठोका द्यायची आणि नवे सर होऊन बाहेर यायची. इतिहासाचे सर खांद्यावर टॉवेल टाकून, इंग्रजीचे सर बापाचा फुटका चष्मा लावून. इंग्रजीच्या सरांना 'सिट डाऊन' एवढंच इंग्रजी येत होतं. आणि जो ठोक्याला उठला, त्याने दुसऱ्या दिवशी चक्कीत झाडू मारायचा.

पहिल्या तासाचं वर्णन ती फार बारीक करायची. खिडक्या चार, दोन पिंपळाकडे. भिंतीवर भारताचा नकाशा, खालचा कोपरा फाटलेला. सर हजेरी घेताना मान वर करत नाहीत, म्हणून 'यस सर' मोठ्यानं म्हणायचं. दुसऱ्या तासाचं विचारलं की म्हणायची, "तसंच असते." तिसऱ्याचं विचारलं तरी, "तसंच असते. मुकाट्यानं बसून राहाचं." ती मॅट्रिक असणार याबद्दल आम्हा पोरांना कधी शंका आली नाही.

पोरांपेक्षा तिचा पट्टा आईबापांवर जास्त चालायचा. दळण घेऊन आलेल्या माणसाला ती चक्की थांबवून उभं करायची.

"का रे गजानन, पोरगं कितव्या वर्गात गेलं?"

"आता..." गजाननभाऊ डोकं खाजवायचे. "मोठ्या वर्गात गेलं ना."

"देवळीच्या बाबूले असंच सांगशीन? आठवी म्हन. दाखला कुठी हाय?"

"हाय ना घरी. पेटीत."

"पेटीत नाई. प्लास्टिकच्या पिशवीत. अन् ती पिशवी डब्यात ठेवाची नाई."

ही शेवटची सूचना उगीच नव्हती. एका वर्षी एका बापाने दाखला भाकरीच्या फडक्यात बांधून नेला होता आणि हायस्कुलाच्या ऑफिसातल्या बाबूला जन्मतारखेवर ठेचा सापडला होता. आयांना ती डबा भरायला शिकवायची, तर्रीची भाजी बंद, कोरडी द्यायची. आणि सगळ्यात कठीण धडा आयांसाठीच होता. मे महिन्यात एक दिवस त्यांनी पोरीला दहा ते सहा एकदाही हाक मारायची नाही. माझी आई दुपारी एकलाच नापास झाली.

माझ्या वेळी, म्हणजे शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला, बाबा मला पाठवायला तयार नव्हते. पोरगी, त्यात यष्टीनं जाणं. आत्या आमच्या ओट्यावर येऊन बसली ती उठेचना. शेवटी बाबांनी अट घातली. "पाठवतो. पन एक दिवस रडत आली, का मास्तरची तक्रार आली, का मंधातून घरी आली, तं त्या दिवसापासून शाळा बंद."

मला वाटलं आत्या उसळेल. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "येत नाई ते मंधातून." दुसऱ्या दिवसापासून तिनं मला एकटीला पाचपाच ठोक्यांची जास्तीची तालीम दिली. तेव्हा तिचा इतका वैताग आला होता की काय सांगू.

पहिल्या दिवशी ती दरवर्षीसारखी आम्हा पोरांना घेऊन यष्टीत बसली. देवळीच्या स्टँडवर उतरवलं, प्रत्येकाची कॉलर ओढून सरळ केली, आणि फाटकापर्यंत चल म्हटलं तर, "मले चक्कीवर काम हाय. दळन पडलं हाय," म्हणून त्याच गाडीत परत चढली. दरवर्षी असंच. फाटक तिथून दिसत होतं, पण त्या बाजूला तिनं मानसुद्धा वळवली नाही.

वर्गात खिडक्या चार निघाल्या. हजेरी झाली, मी 'यस सर' इतकं जोरात म्हटलं की सरांनी मान वर केली. पस्तीस मिनिटांनी घंटा झाली. पाय आपसूक हलले, पण मी गोणपाटावर असल्यासारखी बसून राहिले. माझ्या बाजूला शेजारच्या गावातली एक पोरगी होती. तिनं दप्तर उचललं, चपला घातल्या आणि दाराकडे निघाली. तिला वाटलं शाळा सुटली. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं, मग सगळा वर्ग. मी उठून तिचा खांदा धरला आणि तिला बेंचावर आणून बसवलं.

संध्याकाळी मी आधी घरी न जाता चक्कीवर गेले. ही गंमत आत्याला सांगायची होती. "आत्या, एक पोट्टी पहिल्या घंटेलेच दप्तर घेऊन निघाली घरी. असे हसले ना सगळे!"

आत्या हसली नाही. तिनं चक्की बंद केली. वर अर्धं दळण तसंच राहिलं होतं.

"मंग?" ती म्हणाली. "तिले कोनी बसवलं का?"

"मी बसवलं."

"रडली का ते?"

"थोडीशी. मंग डबा खाल्ला आमच्यासंग."

आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला पीठ होतं, माझे तेल लावलेले केस पांढरे झाले. मग तिनं पाठ फिरवली आणि कितीतरी वेळ रिकाम्या डब्याचं झाकण पुसत राहिली. मी घरी आले आणि आईला विचारलं, आत्याला झालं काय.

आई भाकरी थापत होती. "झालं काय," ती म्हणाली, "आपल्या गावातून हायस्कुलात गेलेली पयली पोरगी म्हन्जे यमुना. तवा गाडी नव्हती, बापासंग पायी गेलती. पयली घंटा झाली, हिले वाटलं सुटली शाळा. दप्तर घेतलं अन् आली पायीच नऊ किलोमीटर, एकटी. बाप म्हने, हे एका तासात वापस आली, हिच्यानं काय होते. दुसऱ्या दिवशी धाडलीच नाई. अन् मंग कोनाचीच पोरगी धाडली नाई कितीक वर्सं. कोनी म्हटलं का बापलोक म्हनत, यमुनीले पाहा."

आईचं माहेर आमच्याच गावातलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली. "माह्याई नंबर होता," ती म्हणाली. "मी तिच्या मांगं दोन वर्सं होती. तिले मालूम हाय ते."

म्हणजे आमचं अख्खं हायस्कूल पस्तीस मिनिटांच्या अनुभवावर चाललं होतं. चार खिडक्या, फाटका नकाशा आणि मान वर न करणारे सर, एवढंच तिनं पाहिलं होतं आणि तेच ती जपून आम्हाला देत होती. ज्यांना हे ठाऊक होतं, त्यांनी आम्हा पोरांना कधी सांगितलं नाही. त्याबद्दल मला गावाचा अभिमान वाटतो. बाकी गावाबद्दल अभिमान वाटावा असं फारसं नाही.

मी दहावी झाले, डी.एड. झाले, बी.ए. झाले, आणि दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला त्याच हायस्कुलात मॅडम म्हणून लागले. तोवर गावात रंग बदलला होता. कॉन्व्हेंटच्या गाड्या यायला लागल्या, बालवाडीपासूनच पोरं गळ्यात टाय बांधून देवळीला. त्यांना बेंच आणि तासांची काय नवलाई. अंगणातली पोरं बारावरून पाचवर आली, पाचवरून दोनवर.

एका मे महिन्यात मी सकाळी गेले, तर अंगण रिकामं. गोणपाटाच्या बारा घड्या रांगेत मांडलेल्या, पाणी शिंपडलेलं. आत्या ओट्यावर घड्याळ घेऊन बसली होती. पस्तीस मिनिटं झाली तशी उठली, ठोका दिला आणि परत येऊन बसली.

"कोनी नाई आलं?" मी विचारलं.

"येतीन ना," ती म्हणाली. "आज सोमवार हाय." सोमवारचा आणि न येण्याचा काय संबंध, ते तिलाच ठाऊक.

मी तिला म्हटलं, आत्या, आमच्याकडे अजून लहान गावांतून पोरी येतात. पहिल्या दिवशी त्यांच्या आयांना वर्गात बसवून चार गोष्टी सांगायच्या असतात. मला जमत नाही, तू ये. तिनं दळण सांगितलं, गुडघे सांगितले, चक्कीचा पट्टा तुटल्याचं सांगितलं. पट्टा समोर चांगला होता. मी तिच्या ओट्यावर बसले ती उठलेच नाही. हे तिच्याकडूनच शिकले होते.

आली. शाळा उघडली त्या दिवशी स्टँडवरून फाटकापर्यंत माझा दंड धरून आली. आठवीच्या वर्गात पहिल्या तासाला पंचवीस आयांना तिनं दाखला, डबा, यष्टी सगळं झाडून सांगितलं. घंटा झाली तशा सगळ्या आया पदर सावरत उठल्या, आणि त्यांचं बरोबर होतं, सभा संपलीच होती. पोरी आत आल्या, गणिताचे सर आले. आत्या शेवटच्या बेंचावर खिडकीशी बसलेलीच होती.

"चल आत्या," मी हळूच म्हटलं, "झालं."

"तू जा," ती म्हणाली. दोन्ही हातांनी तिनं बेंचाची कड धरली होती. "मी हावो इथंच."

मी सरांच्या कानात सांगितलं. सरांनी हजेरी घेतली आणि पुढे शिकवायला लागले. दुसरा तास झाला, तिसरा झाला. मधल्या सुट्टीत पोरींनी तिला डब्यात घेतलं. दर घंटेला मी माझ्या वर्गातून डोकावून येत होते. सर बदलत होते आणि ती बघत होती. तिनं कधी न पाहिलेले ते सगळे तास, एकही 'तसंच' नव्हता.

पाच वाजता लांब घंटा झाली. पोरी ओरडत बाहेर पळाल्या. मी आले तर वर्गात आत्या एकटी, तिथेच, पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसलेली.

"आता उठू?" तिनं विचारलं.

"ऊठ आत्या," मी म्हटलं. "आता सुटली शाळा."