मुलुंडची मूळ शाल्मली

जयवंत परबला मुलीसाठी असं नाव हवं होतं, की हाक मारल्यावर एकाच पोरीने वळून बघावं. शाळेत तो स्वतः तीन जयवंतांपैकी एक होता आणि त्याच्या वाट्याला 'जाड्या जयवंत' आलं होतं. पुढे तो वाळून खराटा झाला, तरी मुलुंडच्या बाजारात वर्गमित्र भेटला की जाड्याच.

म्हणून बायकोला, रत्नप्रभेला, दिवस गेल्यागेल्याच त्याने नाव शोधून ठेवलं. शाल्मली.

"माज्या सासूचा नाव ठेव, मथुरा," आई म्हणाली.

"आई, हे त्र्याऐंशी साल आहे."

वेगळ्या नावाची पंचाईत अशी, की ऐकणारा "म्हणजे काय?" असं विचारतो, आणि जयवंतला समजावून सांगायची दांडगी हौस. "शाल्मली म्हणजे सावर. झाडावर पान नाही, नुसती लाल फुलं. आणि आत कापूस, मऊमऊ." हे त्याने जिन्यात सांगितलं, गच्चीत सांगितलं, कांजूरमार्गच्या कारखान्यात कॅन्टीनमध्ये सांगितलं. सगळ्यात रंगवून सांगितलं ते वरच्या मजल्यावरच्या नंदकिशोर सामंतला. सामंतची बायकोही गरोदर आहे, हे बोलण्याच्या भरात त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सामंतांकडे मुलगी आधी झाली. बारशाच्या घुगऱ्यांचा पहिला घास जयवंतच्या तोंडात असतानाच नाव जाहीर झालं.

"अरे, हे नाव माझं आहे," तो घास गिळून म्हणाला.

"तुझं कसं? तुझं जयवंत ना?" सामंत म्हणाला. "आणि समज, तुला मुलगा झाला. एवढं झकास नाव फुकट जायचं यार."

पुढे सामंतच्या बोरिवलीच्या मेव्हणीला शाल्मली झाली. कॅन्टीनमधल्या एकाने पेढा हातावर ठेवत "परब, तुमची सावर आमच्याकडे फुलली बरं का," असं सांगितलं. आणि मग जयवंतलाही मुलगीच झाली.

"मूळ शाल्मली हीच," तो म्हणाला. "बाकीच्या नकला."

बारशाला मानखुर्दहून बहीण आली, कुंदा. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. ती पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि पाठीत बायकांचे धपाटे खात सरळ होऊन म्हणाली, "मथुरा."

"कुंदे, मी तुला काय सांगितलं होतं?"

"जिना चढेपर्यंत वरच्या शाल्मलीचं रडणं ऐकलं मी, दादा. आपल्या पोरीला काय 'खालची शाल्मली' म्हणायचं? जाड्या जयवंत विसरलास?"

आत्याने कानात सांगितलेलं नाव परत काढता येत नाही. जयवंत थोडे दिवस फुगून बसला. मग एका संध्याकाळी, कोणी नाही असं बघून, त्याने हळूच हाक मारली, "मथुरा." पाळण्यातली मान वळली. वरच्या मजल्यावर शांतता होती.

पुढच्याच महिन्यात समोर नव्याने राहायला आलेली पार्वती विरजण मागायला आली. तिला सातवा लागला होता.

"मथुरा? किती वेगळं नाव. म्हणजे नेमकं काय हो?"

जयवंतचं तोंड उघडलं. अख्खा यमुनाकाठ त्याच्या जिभेवर आला होता. तो त्याने मोठ्या कष्टाने गिळला.

"आमच्या आजीचं," तो म्हणाला. "फार भांडकुदळ बाई."

"माजी सासू ती," आतून आईचा आवाज आला. "सगळ्या वाडीक सळो की पळो करून सोडल्यान."

पार्वती विरजण घेऊन लगबगीने गेली.

"आई, आजी तर गरीब होती ना गं?"

"देवमाणूस," पाळण्याची दोरी ओढत आई म्हणाली. "गेली तेवा अख्खी वाडी रडली. माका माफ करतली ती. पण पोरीचा नाव पोरीकडेच रवाक व्हया. तू आधी ता दार लाव."