नव्या पुलाचे वय

कोणतीही गोष्ट नुसती वर्षे उलटल्याने जुनी होत नाही. ती जुनी झाल्याची नोंद व्हावी लागते. माणसाच्या बाबतीत ही नोंद शेजारी करतात, बैलाच्या बाबतीत बाजारातला दलाल करतो, आणि पुलाच्या बाबतीत ती नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातल्या हिरव्या कापडी बांधणीच्या रजिस्टरात होते. तिथे ती झाली नसेल, तर पूल कोसळला तरी तो भर तारुण्यात गेला असेच समजण्यात येते.

आमचे शहर जालना जिल्ह्यात आहे. (नाव सांगत नाही. सांगितले तर खुलासा मागवतील, आणि तो मलाच लिहावा लागेल. तहसील कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत मी एकतीस वर्षे काढली, त्यामुळे शहरातले सगळे खुलासे माझ्याकडेच येतात.) अंबडहून एसटीने पाऊण तास लागतो. एसटी नदीच्या पलीकडे थांबते. बाजार, शाळा, दवाखाना आणि नगरपरिषद नदीच्या अलीकडे आहेत, आणि मध्ये एक पूल आहे. शहरात यायचे तरी तोच, शहर सोडून जायचे तरी तोच. या पुलाचे नाव 'नवा पूल'. तो बांधून एकसष्ट वर्षे झाली.

नाव पडले तेव्हा ते बरोबरच होते. त्याआधी निजामाच्या अमदानीतला दगडी पूल होता, तो पुरात वाहून गेला. मग जो बांधला तो लोकांच्या तोंडी नवा झाला आणि वाहून गेलेला आपोआप जुना झाला. जुन्या पुलाचे दोन खांब अजून नदीत उभे आहेत. एकावर बगळा बसतो. दुसरा कलला आहे, म्हणून त्यावर बसत नाही. बगळ्याला हे रजिस्टर न बघता कळले, पण बगळ्याचा अभिप्राय कार्यालयात ग्राह्य धरत नाहीत.

रजिस्टरात अनुक्रमांक सातला 'जुना पूल' आहे आणि आठला 'नवा पूल'. बांधल्याचे साल लिहायचा रकाना वाळवीने खाल्ला आहे. त्यामुळे कोणता पूल किती जुना हे नावावरूनच ठरवावे लागते, आणि नावावरून ठरवायला कोणाचीच अडचण नव्हती.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास नव्या पुलाला मधोमध भगदाड पडले. परातीएवढे. त्यातून गंजलेले गज दिसतात आणि खाली नदी दिसते. (पाणी दिसेलच याची हमी नाही.) त्यात पहिले चाक गेले ते द्वारकाबाईंच्या भाजीच्या गाड्याचे. द्वारकाबाई पलीकडच्या वस्तीत राहतात आणि तीस वर्षे रोज सकाळी गाडा ढकलत पुलावरून बाजारात येतात. पाठीमागे नवरा नाही, मुलगा पुण्याला कंपनीत आहे आणि फोन करतो. नात आकांक्षा नववीत आहे. घर गाड्यावर चालते, गाडा पुलावर. त्या दिवशी टमाट्यांची अख्खी पाटी नदीत गेली आणि द्वारकाबाई नगरपरिषदेत गेल्या.

बांधकाम विभागाचे लिपिक सोमेश्वर हे सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि रजिस्टर उघडले.

"कोणता पूल म्हन्ता मावशी?"

"आता दुसरा कोणता हाय? नवा पूल."

"मंग न्हाई व्हत. नव्या कामाची दुरुस्ती बिलकुल धरता येत न्हाई. नव्यात खोट निघाली तर ठेकेदारानं सोताच्या खर्च्यानं करून द्यायची, असा नियम हाय."

"मंग बोलवा की त्याला."

सोमेश्वरांनी पान उलटले. "वारले ते. माह्या जन्माच्या आदी वारले."

"मंग?"

"वारस शोधून राह्यलो ना मावशी," सोमेश्वर म्हणाले, आणि तसे पत्र त्यांनी त्याच दिवशी खरोखरच काढले. जावक क्रमांक मी पाहिला आहे. अक्षर सुरेख आहे.

दुरुस्तीच्या बाबतीत आमची नगरपरिषद कमी पडते असा कोणाचा समज होऊ नये. तिचा पंचवार्षिक देखभाल व दुरुस्ती आराखडा आहे. एकशे बारा पानांचा, रंगीत मुखपृष्ठाचा. कोणत्या बांधकामाला आधी निधी द्यायचा हे त्यात कोणाच्या मर्जीने ठरत नाही, गुणांनी ठरते. शंभरपैकी पन्नास गुण वयाला, वीस ऐतिहासिक महत्त्वाला, वीस 'रहदारीस अडथळा न होता काम करता येणे' याला, आणि उरलेले दहा प्रत्यक्ष वापराला. जुन्या पुलाला नव्वद पडले. वापराचे दहा तेवढे गेले, कारण बगळ्याचे गुण धरायची सोय तक्त्यात नाही. नव्या पुलाला दहा पडले. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागतात.

सबब गेल्या तीन वर्षांत निधी जुन्या पुलाला मिळाला, आणि तो सगळाच्या सगळा त्यावर खर्च झाला, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दोन्ही खांबांना पिवळे-काळे पट्टे ओढले. कलत्या खांबावर दिवा बसवला. छत्रपती संभाजीनगरहून तज्ज्ञ मंडळी येऊन संरचनेची तपासणी करून गेली. त्यांच्या अहवालातले एकही वाक्य खोटे नाही. 'सदर पुलाच्या पृष्ठभागावर एकही तडा आढळून आला नाही. पुलावर वाहनांचा ताण शून्य आहे. मागील साठ वर्षांत या पुलावर अपघाताची नोंद नाही.' काळजी म्हणून काठावर 'पूल जुना व धोकादायक, अवजड वाहनांस बंदी' अशी पाटी लावली. त्या दिवसापासून एकही अवजड वाहन तिथून गेलेले नाही. एवढी कडक अंमलबजावणी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

इकडे द्वारकाबाईंनी आराखडा वाचलेला नव्हता. त्यांनी घराच्या दारातली शहाबादी फरशी उपटली, आकांक्षाला एका बाजूने धरायला लावले, आणि दोघींनी ती आणून भगदाडावर टाकली. कामाचा एकूण कालावधी वीस मिनिटे. ('विनापरवानगी दुरुस्ती' केल्याबद्दल त्यांना नोटीस गेली. ती द्यायला सोमेश्वर स्वतः गेले, दोनदा माफी मागितली आणि येताना मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले.) फरशी डगमगायची, पण टिकली. वर्षभर सगळे शहर तिच्यावरून गेले. शाळेची मुले, बाळंतिणी, टेम्पो, एसटी गाठायला पळणारे. फरशी आली की दुचाकीवाले आपोआप ढुंगण थोडे उचलायचे. परगावचे पाहुणे विचारायचे की तुमच्याकडे ही पद्धत आहे का.

शेवटी आम्ही काही जबाबदार नागरिक मुख्याधिकाऱ्यांना भेटलो. शिष्टमंडळात निवृत्त मुख्याध्यापक शरदचंद्र, प्लॉटचा व्यवसाय करणारे धर्मराज, आणि मी. मुख्याधिकारी प्रिया मॅडम वयाने लहान, पण डोक्याने तल्लख आहेत. त्यांनी रजिस्टर पाहिले, तक्ता पाहिला आणि दोन मिनिटांत रोग ओळखला.

"पुलाला काहीच झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "झालंय ते नावाला. नव्या पुलाला जुना पूल म्हणा, उद्या साठ गुण पडतात. परवा प्रस्ताव पाठवते."

आम्ही टाळ्या वाजवल्या. ठराव आला. 'नवा पूल यास यापुढे जुना पूल असे संबोधण्यात यावे, व विद्यमान जुना पूल यास भूतपूर्व पूल असे संबोधण्यात यावे.' कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत हरकती मागवल्या. ही केवळ औपचारिकता आहे, असे सगळेच म्हणाले.

चारशे चौदा हरकती आल्या.

त्यांतल्या शहाण्णव दुकानदारांच्या होत्या. 'नवा पूल मेडिकल', 'नवा पूल सायकल मार्ट', 'नवा पूल भेळ (जुनी व प्रसिद्ध)' अशा पाट्या बदलायचा खर्च कोण देणार, हा रास्त प्रश्न होता. एकसष्ट हरकती धर्मराजांनी आपल्या गिऱ्हाइकांकडून लिहवून आणल्या. 'नव्या पुलाजवळ' म्हटले की प्लॉट उठतो, 'जुन्या पुलाजवळ' म्हटले की लोक घासाघीस करतात. अडतीस घरांत लग्नपत्रिका छापून तयार होत्या. चव्वेचाळीस जणांनी कारण लिहिले नाही, शेजाऱ्याने हरकत घेतली म्हणून त्यांनीही घेतली. शरदचंद्र सरांची एकच, पण अकरा पानी. तिचा सारांश असा, की 'नवा' हे येथे विशेषण नसून विशेषनाम आहे, आणि विशेषनामास वय नसते. व्याकरणदृष्ट्या ती बिनतोड होती.

राहिलेल्या एकशे त्र्याहत्तर जणांची तक्रार पत्त्याची होती. आधार, रेशन कार्ड, मतदार यादी, बँक, गॅस, सगळीकडे 'नव्या पुलाजवळ' आहे. ते बदलायला किती खेटे घालावे लागतील याची मला चांगली कल्पना होती. लोकांना मीच खेटे घालायला लावत आलो होतो. त्यामुळे त्या एकशे त्र्याहत्तरांत मी आहे. अनुक्रमांक बत्तीस.

मोजून पाहणाऱ्यांच्या लक्षात येईल की एक हरकत कमी भरते. ती द्वारकाबाईंची. आकांक्षाच्या हातून त्यांनी एवढेच लिहून दिले होते, 'नाव काय बी ठिवा, पन भोक बुजवा.' पण पेटीवर 'हरकती' असे लिहिले होते, म्हणून त्यात पडलेला कागद हरकत म्हणून मोजला. 'तीव्र लोकभावना लक्षात घेता' ठराव मागे घेतला गेला.

हरकतदारांची यादी नियमाप्रमाणे फलकावर लागली. शाळा सुटल्यावर आकांक्षाने ती आजीला मोठ्याने वाचून दाखवली. सोमेश्वर खिडकीत होते, त्यांनी मला नंतर सांगितले. म्हाताऱ्या बाई उभ्या राहून चारशे चौदा नावे ऐकत होत्या. त्यातली निम्मी रोजची गिऱ्हाइके. मध्ये फक्त एकदा बोलल्या. बत्तिसाव्या नावाला. "हे बी का?" असे विचारले म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर फरशी नव्हती.

पहिल्या आठवड्यात अकरा दुचाकी, एक टेम्पो आणि शरदचंद्र सरांची स्कूटर भगदाडात अडकली. सरांचा गुडघा अजून वाकत नाही. द्वारकाबाईंनी गाडा अलीकडे आणणेच बंद केले, एसटी थांब्यापाशी लावला. तिथे गिऱ्हाईक निम्मेही नाही. मेथी पाहिजे तर आता पूल ओलांडून जावे लागते, आणि पूल ओलांडायचा तर फरशी पाहिजे. मग तेच शिष्टमंडळ, सर लंगडत, पलीकडे गेले.

फरशी त्यांच्या दारात पूर्वीच्याच जागी बसवलेली होती. धुऊन स्वच्छ.

"मावशी, ती फरशी..." धर्मराज म्हणाले.

"माही हाय. दारात चिखल व्हऊन राह्यला व्हता."

"पण हा सगळ्या गावाचा प्रश्न आहे."

"गावाचा हाय तर मंग बराबर रीतीनं व्हऊ द्या. अर्ज द्या. मी हरकती मागवते. पंधरा दिवस."

"हरकत कोण घेणार इथं?" सर कळवळून म्हणाले.

"मी," द्वारकाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तीस वर्सं तुमच्या दारात भाजी आणून देल्ली भाऊ. माहं चाक भोकात गेल्तं, तुमाला पत्ता जड झाला."

मला लाज वाटली. हे वाक्य मी कार्यालयीन भाषेत बसवायचा पुष्कळ प्रयत्न केला, बसत नाही, म्हणून तसेच लिहितो.

अर्ज अर्थातच मी लिहिला. विषय, संदर्भ, महोदया, सगळे चोख. आकांक्षाने तो वाचला आणि त्रुटी काढून परत केला. पोरगी पुढे कुठल्याही कार्यालयात चमकेल. म्हणाली, "काका, पत्ता 'नव्या पुलाजवळ' लिहिलाय. नवा असंल तर फरशी कशाला लागती? आजी म्हन्ती, 'जुन्या पुलाजवळ' लिहून आना, आताच उचलून देते."

एक शब्द खोडायचा होता. पेन खिशात होते. मी आधार आठवले, गॅस आठवला, बँक आठवली, आणि म्हणालो, विचार करून सांगतो. त्याला आज बावीस दिवस झाले. माझा विचार चालू आहे.

तुम्ही हसत असाल. हसा. पण तुमच्याही गावात एखादा नवा मोंढा, नवी वसाहत, नवे बसस्थानक असेलच. आणि तिथे पायाखाली एखादी फरशी डगमगत असेल. ती कोणाच्या दारातून आली, हे विचारण्याआधी हरकतींच्या यादीत आपला क्रमांक कितवा होता, तेवढे आठवून बघा.

माझा बत्तिसावा होता.