मालूताईचा डावा गाल

मालूताई कामावर निघे तेव्हा तिचा डावा गाल एका कंपनीचा असे आणि उजवा दुसरीचा. उजव्यावर नेहमीची पावडर. डाव्यावर त्या आठवड्यात हाती लागलेला नवा स्नो, क्रीम, रूज, जे असेल ते. मुलुंडच्या आमच्या चाळीत परबकाकू सकाळी दारात तांदूळ निवडत बसलेल्या असत. मालवण सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती, पण जीभ तिकडेच राहिली होती. त्या विचारत, “गो मालू, दुसरो गाल खंय इसारलंस?”

“परीक्षेला बसलाय, काकू. शनिवारी निकाल.”

आणि ती टकटक चपला वाजवत भांडुपच्या कारखान्यात टाइप करायला निघून जाई.

ती तेव्हा पस्तिशीची होती. एकटी राहायची, लग्न केलं नव्हतं. परदेशी माल दुकानांतून दिसेनासा झाला होता, आणि मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या स्वयंपाकघरात स्नो शिजू लागला होता. नावं मोठी झोकदार. कुर्ल्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये ‘मिस व्हिएन्ना’ लिपस्टिक तयार व्हायची. मालूताईने ती लावली आणि तीन दिवस ती निघाली नाही. नेमकं त्याच आठवड्यात तिच्या हेडक्लार्कचे वडील गेले. भेटायला गेलेली मालूताई अर्धा तास तोंडावर पदर धरून बसली. लोकांना वाटलं, हिलाच जास्त दुःख झालंय. घाटकोपरच्या एका बाईंचं काजळ इतकं तुपकट होतं की ते दुपारपर्यंत गालावर येई. “गुणी आहे बिचारं,” मालूताई म्हणाली, “पण एका जागी बसत नाही. ऑक्टोबरला पुन्हा बसवू.”

तिचा नियम एकच होता. आठ दिवस माझ्या तोंडावर, मग तुमच्या. आठ दिवस पुरळ नाही, खाज नाही, घामाने ओघळ नाही, तर पास. नापास झाला की ती त्या कंपनीला कार्ड टाकी: ‘आपला स्नो वासास उत्तम, परंतु चौथ्या दिवशी हनुवटीवर तीन फोड आले. कृपया लक्ष घालावे. आपली हितचिंतक.’ ‘कंपनी’ म्हणजे बहुधा एखादा मास्तर नाही तर नोकरी सुटलेला केमिस्ट असे. तो घाबरून स्वतःच दारात येई, आणि मालूताई त्याला चहा देई. तिचा चहा इतका वाईट असे की तो माणूस फोडांबद्दल क्षमा मागून लगेच उठे.

रविवारी दुपारी तिच्या दारासमोर गॅलरीत बायकांची रांग लागे. कोणाला बारशाला जायचं असे, कोणाला बहिणीच्या लग्नाला. ज्या मुलीला बघायला येणार असतील तिला मालूताई स्वतः तयार करी. फुकट. हनुवटी दोन बोटांनी उचलून, डोळे बारीक करून म्हणे, “हलू नकोस गं. तुझं सगळं आयुष्य या भुवईवर आहे.” मुली हसत आणि भुवई हमखास बिघडे.

हे सगळं मी हसतहसत लिहिते आहे, कारण पुढचं लिहायचं टाळते आहे.

मी विसाव्या वर्षात असताना माझ्या उजव्या कानाखाली, जबड्याच्या कडेला, एक पांढरा डाग उठला. चवलीच्या नाण्याएवढा. कोड हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. आई त्याला ‘ते’ म्हणे. ‘ते’ दिसतंय, केस पुढे घे. चाळीत कोणाला कळू दिलं नाही. फक्त एके दिवशी आई मला मालूताईकडे घेऊन गेली, दार लावून घेतलं आणि रडायला लागली.

मालूताईने मला खिडकीशी उभं केलं. डाग पाहिला. “एवढंच ना?” म्हणाली. “रंगाचा प्रश्न आहे. रंग काय, मिळतो.”

पण मिळेना. दुकानातली सगळी क्रीमं गोऱ्या गुलाबी गालांसाठी. मी सावळी. तिने भांडुपच्या सामंतांना गाठलं. हे सामंत घरीच ‘सुवर्णा’ नावाची क्रीम करत. बायको बाटल्या भरे, ते लेबलं चिकटवत. मालूताईने त्यांना माझ्या रंगाची क्रीम करायला लावली. सात वेळा. कधी विटकरी झाली, कधी राखाडी. आणि प्रत्येक वेळी, नियम म्हणजे नियम, आठ दिवस तिच्या तोंडावर. ती गोरी होती. दोन महिने ती एका गालाने गोरी आणि एका गालाने सावळी अशी कामावर गेली. तिच्या साहेबांनी शेवटी विचारलं, “घरी काही अडचण आहे का?” ती म्हणाली, “आहे, पण सुटत आलीय.”

सातवी क्रीम माझ्या कातडीत अशी मिसळली की मलाच डाग शोधावा लागला.

बोरिवलीचे लोक मला बघायला आले. होणाऱ्या सासूबाई चौकस होत्या. चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. मग म्हणाल्या, “वेणी सोडा बघू, केस खरे आहेत ना?” आईचा चेहरा उतरला. मालूताई दाराआड उभी होती. ती चटकन पुढे आली, स्वतःच माझी वेणी सोडली आणि सगळे केस उजव्या खांद्यावरून पुढे घेतले. “गुडघ्यापर्यंत नाहीत, पण आहेत ते तिचेच आहेत,” म्हणाली. सासूबाई हसल्या. लग्न ठरलं.

लग्नानंतर चार महिने मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून क्रीम लावत होते. मग मला ताप आला. सासूबाईंनी प्रेमानेच ओल्या फडक्याने कपाळ पुसलं, मान पुसली. फडक्यावर सावळा रंग उतरला. त्या फडक्याकडे बघत राहिल्या, मग माझ्या जबड्याकडे.

“हे काय आहे?”

मला ताप होता, पण शुद्ध होती. हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. मी म्हणाले, “चाळीतल्या मालूताईंनी काहीतरी क्रीम लावली होती. त्याने भाजलं.”

पुढच्या रविवारी सासूबाई मला घेऊन मुलुंडला आल्या. गॅलरीत रांग होती. त्या रांगेसमोर उभ्या राहून त्यांनी मला पुढे ओढलं आणि माझे केस मागे केले.

“ही तुमची करामत?”

मालूताईच्या हातात पावडरीचा पफ होता. तिने डाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझी आई आमच्या दारात उभी होती, तीही काही बोलली नाही.

“हो,” मालूताई म्हणाली. “माझ्या हातूनच झालं.”

“कुठल्या कंपनीची क्रीम? नाव सांगा. पोलिसांत देते त्यांना.”

“कंपनी-बिंपनी काही नाही. मीच घरी केली होती.”

जिला धड चहा करता येत नव्हता ती हे म्हणत होती. परबकाकूंनी तांदळातून मान वर केली, पुन्हा खाली घातली.

“स्वतःचं लग्न झालं नाही,” सासूबाई म्हणाल्या, “म्हणून दुसऱ्यांच्या पोरींची तोंडं बिघडवता?”

मालूताईने पफ डबीत ठेवला. मग म्हणाली, “उन्हातून आलात. पाणी देऊ?”

मी काय केलं? मी पदर सारखा केला.

त्या खोट्याने माझा संसार उभा राहिला. डाग ‘भाजल्याचा’ ठरला. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत, उलट नातेवाइकांत सांगत, “पोरीचा काय दोष?” पुढे बोटांवर डाग आले तेव्हाही त्या म्हणाल्या, त्या बाईचं विष अंगात भिनलंय. मी मान डोलावली. मुलुंडला मात्र पुढच्या रविवारी रांग नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. जिच्या हाताने मुलीचं तोंड भाजतं तिच्यापुढे आपली लेक कोण बसवणार? मालूताई दोन्ही गाल धुतलेले ठेवून कामावर जाऊ लागली, हे मला आईने सांगितलं, आणि मी विषय बदलला. चौदा वर्षं मी माहेरी गेले की तिचं दार बंद असेल अशी वेळ बघून गेले.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. दिवसपाणी झाल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, “तिला जाऊन भेटलीस का?”

मी रविवारी दुपारी गेले. मालूताईने दार उघडलं. केस पिकलेले, चेहरा कोरडा. “ये शैले,” म्हणाली, जणू मी काल येऊन गेले होते. मी पाठ केलेलं सगळं बोलले. क्षमा मागितली. तिने शांतपणे ऐकलं आणि एकदम चिडली.

“नवऱ्याला कशाला सांगितलंस? वेडी का काय? चौदा वर्षं टिकलेलं खोटं. एवढं चांगलं बसलं होतं!”

“मालूताई, मी चाळीत सगळ्यांना सांगणार आहे. आत्ता.”

“काही नको. मुलगी किती वर्षांची तुझी?”

“बारा.”

“बघ. आणखी सात-आठ वर्षांनी तिला बघायला येतील. आईला भाजलंय हे चालतं, आईला कोड आहे हे चालत नाही. माझं काय आता? मला कोण बघायला येणार आहे?” आणि स्वतःच हसली.

मला हायसं वाटलं. हेच लिहायला मी इतके दिवस घाबरत होते. क्षमा मागून झाली, काही करायचं उरलं नाही, आणि मला खरोखर हायसं वाटलं. मी पर्स उचलली.

“निघालीस?” ती म्हणाली. “सामंतसुद्धा गेले गं दोन वर्षांपूर्वी. त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही मी, त्यांच्या क्रीमवर बालंट आलं होतं ते.” ती खिडकीपाशी गेली, उगाच पडदा सारखा केला. “बस ना अजून जरा. रविवारची दुपार फार लांबते.”

मी पर्स खाली ठेवली. आणि गॅलरीत गेले.

परबकाकू त्यांच्या दारात होत्या, आता खुर्चीवर. डोळ्यांना कमी दिसत होतं. मी त्यांच्याजवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “काकू, मी शैला. मालूताईच्या क्रीमने मला काही झालं नव्हतं. मला कोड आहे. लग्नाच्या आधीपासून. मी खोटं बोलले.”

आतून मालूताई ओरडली, “शैले, गप्प बस!”

परबकाकूंनी कानामागे हात धरला.

“मोठ्यान सांग गो. माका आयकाक येना नाय.”

शेजारच्या खोलीतला रेडिओ कोणीतरी बारीक केला. पलीकडचं एक दार उघडलं. मी सरळ उभी राहिले, केस कानामागे घेतले, आणि मोठ्याने सांगितलं.