भेकरआजीचा विनापरवाना बरा झालेला पाय

मुलांनो, जरा जवळ सरका. एका जंगलात एक वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथे शस्त्रक्रिया शिकवायला गवेसर होते. गवेसर म्हणजे रानगवा. मोठे विद्वान, पण अंगाने केवढे! ते रुग्णावर वाकले की पलीकडचा डोंगरसुद्धा दिसेनासा व्हायचा.

विद्यार्थी त्यांच्या मागे दाटीवाटीने उभे राहत.

"हे बघा, छेद इथे घ्यायचा. दिसलं?" सर विचारत.

"दिसलं, सर!" विद्यार्थी एका सुरात म्हणत. दिसायची ती सरांची पाठ.

झुबक्या नावाचं एक शेकरू चार वर्षं त्या पाठीमागे उभं होतं. काट्यांचे अठरा प्रकार त्याला तोंडपाठ होते. काटा मात्र त्याने आजवर एकही काढला नव्हता.

एकदा त्याने भीत भीत विचारलं, "सर, एक काटा मी काढू?"

"अनुभव आहे का?"

"नाही, सर."

"मग कसा देऊ? रुग्ण म्हणजे काय खेळणं आहे?"

"पण सर, अनुभव कसा येईल?"

"काटे काढून," असं म्हणून सर चहाला गेले.

पुढे एका सकाळी भेकरआजी लंगडत आली. बाभळीचा काटा मागच्या पायात खोल मोडला होता. पाय टम्म सुजला होता. नेमके गवेसर दूरच्या जंगलात परिषदेला गेले होते. त्यांच्या भाषणाचा विषय होता, 'काटा वेळेवर काढण्याचे महत्त्व'. परतायला आठ दिवस होते.

"आठ दिवस?" आजी म्हणाली. "अरे बाळांनो, मी पळू शकत नाही हे बिबट्याला कळलं, तर तो आठ तास थांबायचा नाही."

विद्यार्थी गोळा झाले. "आजी, तोवर आम्ही तुम्हाला काट्याची व्याख्या सांगू का?" एकाने विचारलं.

झुबक्या मात्र तिथे थांबला नाही. तो धावत घोरपडमावशीकडे गेला. मावशी दवाखान्यात हत्यारं उकळायची. सरांच्या हातात हत्यारं द्यायला ती समोरच्या बाजूला उभी असे. म्हणजे वीस वर्षांत खरी शस्त्रक्रिया जर कुणी पाहिली असेल, तर ती मावशीने. पण तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

"मावशी, तूच काढ ना काटा."

"माझे हात थरथरतात रे आता, लेकरा."

"माझेही थरथरतात!"

"तुझे भीतीने थरथरतात. ते थांबतं."

मावशीने त्याच्यापुढे पिकलेलं सीताफळ ठेवलं. हातात बारीक चिमटा दिला. "एक बी काढ. गर फाटता कामा नये."

पहिल्या सीताफळाचा लगदा झाला. दुसऱ्याचाही झाला. आजी एका अंगावर पडून हे सगळं बघत होती.

"पोरा, अजून किती सीताफळं?"

"झालंच, आजी."

"घाई नाही रे. मधेच एखादं खा. हातात बळ येईल."

पाचव्या सीताफळातून बी अलगद बाहेर आली. गर होता तसाच राहिला. मावशीने चिमटा पुन्हा उकळला आणि आजीकडे बोट दाखवलं.

झुबक्याने एक लांब श्वास घेतला. पाय धुतला. काट्याचं टोक शोधलं. हळूच ओढलं.

"काढतोयस ना?" आजीने विचारलं.

"काढला, आजी."

"अरे, मला कळलंच नाही! सर काढतात तेव्हा अख्ख्या जंगलाला कळतं."

आठ दिवसांनी गवेसर हार घालून परतले. आजी आपली दवाखान्याच्या अंगणात ठणठणीत उभी होती.

"कुणाच्या परवानगीने बऱ्या झालात?" सर गरजले.

"चुकलं, साहेब," आजी म्हणाली. "पुन्हा नाही होणार."

सरांनी नियमांचं पुस्तक उघडलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "काटा विद्यार्थ्याने काढला आहे. म्हणजे नियमाप्रमाणे तो अजून पायातच आहे. तो परत बसवा. मी रीतसर काढतो. सगळ्यांनी मागे उभं राहून बघायचं."

विद्यार्थी लगेच मागे जाऊन उभे राहिले.

"झुबक्या, तू आजीला धर," सर जरा मवाळ आवाजात म्हणाले. "नीट धरलंस तर तुला पास करतो. नाहीतर आणखी चार वर्षं."

झुबक्याने आजीचा पाय धरला. सूज उतरली होती. जखम छान भरत आली होती. त्याने पायावरून एकदा हात फिरवला आणि पाय सोडून दिला.

"आजी, पळ!"

आणि आजी पळाली, मुलांनो. करवंदाच्या जाळीवरून उडी मारून पळाली. ओढा एका ढांगेत ओलांडून पळाली.

"नापास!" सर ओरडले.

झुबक्याला ते ऐकूच आलं नाही. धूळ खाली बसेपर्यंत तो तिच्या मागच्या पायाकडे बघत होता. पाय जरासुद्धा लंगडत नव्हता.

तात्पर्य : रुग्ण बरा झाला की पळून जातो, आणि मग परीक्षा कशावर घ्यायची हा प्रश्न उरतो. म्हणून शहाण्या विद्यार्थ्याने पास होईपर्यंत कुणालाही बरं करू नये.