लाकडाचं बोंड

सोनबाजी झाडाला गाल लावत. कुठलंही झाड असो, आधी वहाणा काढायच्या, सालीवर गाल टेकायचा, नखाने एक ढलपी काढून हुंगायची आणि मान हलवायची. "नाई. हे नाई." अमरावतीच्या कापूसबाजारात मी दलाल, ते सगळ्यांत नामांकित पारखी. असा शहाणा माणूस असं करतो, हे बघून मला दर वेळी धक्का बसे.

बरं, दिवस तरी कसले? विलायतेतून अशी मागणी उठली होती की लोक आमराया तोडून सरकी पेरत होते. त्या धामधुमीत सोनबाजी चिमूटभर कापूस बोटांत ओढून गावाचं नाव सांगत आणि लगेच विचारत, "तुमच्या गावाले पहाडातलं झाड हाये का एखांदं?"

त्यांच्या कमरेच्या पिशवीत मुठीएवढं लाकडी फळ असे. दिसायला थेट उकललेलं कापसाचं बोंड, फक्त पाकळ्या टणक आणि आत काहीच नाही. अकोटात कोणीतरी 'हेच ते झाड' म्हणून त्यांना सुरूचं झाड दाखवलं. त्याची फळं बोराएवढी! सोनबाजी खवळले. "मले येडं समजता? साल पाह्यजा! माह्या झाडाची लाल, जाडजूड, उनायातल्या वावरावानी भेगा. हिच्या तं चिंध्या निघून राहिल्या!"

मग ऐन हंगामात एक दिवस म्हणाले, "बापू, चिखलदऱ्याले सायबाच्या बंगल्यात पहाडातलं झाड हाये म्हन्तेत. चाल." भरला बाजार सोडून! मी तोंड उघडं टाकून पाहतच राहिलो. पण गेलो. म्हाताऱ्याला एकट्याला घाट कसा चढू द्यायचा?

झाड उंच, सरळसोट होतं. सोनबाजींनी गाल लावला, ढलपी हुंगली. खाली पडलेलं एक बोंड उचलून आपल्या बोंडाशी पाकळीला पाकळी लावून पाहिलं.

"हेच," ते म्हणाले. "चीड. तिकडं पहाडात याले चीड म्हन्तेत."

"पन काहून एवढा जीव टाकला जी याच्यापायी?"

"बद्रीनाथाले गेलतो आमी दोघं नवरा-बायको. बुढीनं हे उचललं. मले म्हने, 'अवो, इथल्या लोकायचा कापूस कोनं नेला येचून?' मी लय हासलो. चारचौघात येड्यात काढलं तिले. ती रुसली, बोलेच ना. तिसऱ्या दिवशी ताप भरला, त्यातच गेली. तिथंच ठेवून आलो, असल्याच झाडाखाली. आता गुडघे बद्रीपरेंत नेत नाईत."

मी हबकलोच. इतकी वर्षं आम्ही त्यांची टिंगल करत होतो.

त्यांनी धोतराच्या सोग्यातून पहिल्या वेचणीचा कापूस सोडला, असा पांढराशुभ्र, लांब धाग्याचा की बाजारात झुंबड उडाली असती. चिमूट चिमूट करून तो बायकोच्या बोंडात पाकळीपाकळीआड भरला आणि बोंड झाडाच्या बुंध्याशी ठेवलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

"पाह्य वं," सोनबाजी हळूच म्हणाले, "कोनी नाई नेला."