रामटेके काकांची घटना

रामटेके काकांसमोर कुणी ‘आफ्रिकेत’ असं म्हटलं की ते हातातलं काम थांबवतात आणि विचारतात, “कुठल्या देशात?” एवढंच. पण अशा आवाजात विचारतात की समोरच्याला भूगोलाच्या तोंडी परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं.

मी नापास झाले ती ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत आल्याच्या दुसऱ्याच रविवारी. इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून पुणं सोडून मी या सोन्याच्या खाणीच्या गावात येऊन पडले होते. पार्कात मराठी मंडळाचा बार्बेक्यू होता. कणसं भाजणाऱ्या एका साठीच्या, काटकुळ्या गृहस्थांशी कुणीतरी ओळख करून दिली. सुधाकर रामटेके, खाणीत सर्व्हेअर, मूळचे चंद्रपूरचे. मी आपली सहज म्हणाले, “तुम्ही बरीच वर्षं आफ्रिकेत होतात ना?”

त्यांनी चिमटा खाली ठेवला. “डॉक्टर, तुम्ही आशियातून आलात का?”

मी म्हटलं, पुण्याहून.

“मग मीही घानातून आलो.”

पुढची चाळीस मिनिटं त्यांनी मला घानाचं सरकार शिकवलं. राष्ट्राध्यक्ष लोकांनी थेट निवडायचा. निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत, नाही पडली तर पुन्हा मतदान. मुदत चार वर्षांची, आणि कितीही लाडका असला तरी दोन मुदतींनंतर घरी. संसदेचं सभागृह एकच, पण निम्म्याहून जास्त मंत्री त्यातूनच घ्यायचे. गावोगावचे परंपरागत राजे आहेत, त्यांना मानपान भरपूर, पण पक्षाच्या राजकारणात पडायला बंदी. “घटनेत लिहिलंय,” हे ते प्रत्येक वाक्यानंतर म्हणत होते. कणसांचा कोळसा झाला. तो त्यांनी तसाच वाढला.

घटनेचं वेड त्यांना लहानपणापासूनचं. “आमच्या घरी देव्हारा नव्हता, घटना होती,” असं ते सांगतात. ज्या देशात नोकरीला जातील तिथली घटना आधी विकत घेऊन वाचायची, मग भाड्याचं घर बघायचं. ऑस्ट्रेलियाची त्यांनी दोनदा वाचली आणि “रुक्ष आहे” असा शेरा दिला. घानाची मात्र रबर लावून ठेवावी लागते, इतकी पानं सुटली आहेत.

त्यांचा संताप या पुस्तकातूनच यायचा. तिथे पूर्वी लष्कराने सत्ता बळकावली होती हे ते नाकारत नाहीत. पण त्यानंतर लोकांनी ही घटना केली, मतांनी सरकारं पाडली, मतांनी आणली, आणि हरलेले मुकाट घरी गेले, त्याचं काय? ते कुणी दाखवतं का? खाणीच्या कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, “मित्रा, तिकडे इलेक्शन म्हणजे बंदुकाच ना?” काकांनी ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर गेले. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली, ते अजून दुसऱ्याच टेबलावर जेवतात. एका पेपरात घानाच्या मतदानाचा फोटो आला, खाली फक्त ‘आफ्रिकेतील मतदार’. काकांनी संपादकाला चार पानी पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. दुसरं धाडलं, त्यात पहिल्याला उत्तर न आल्याचा निषेध होता.

तर अशा माणसाच्या समोर आमच्या मंडळाचे अध्यक्ष नाडकर्णी अकरा वर्षं अध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता. पण दर संक्रांतीला कुणीतरी उठून म्हणायचं, “मागचीच कमिटी चालू ठेवू या,” टाळ्या व्हायच्या आणि तिळगूळ वाटला जायचा. यंदा टाळ्या सुरू होणार तेवढ्यात रामटेके काका उभे राहिले. निवडणूक घ्या, म्हणाले, आणि दोन मुदतींचा नियम करा.

नाडकर्णी हसत म्हणाले, “अहो काका, हे काय आफ्रिका आहे का?”

सगळा हॉल हसला. काकांनी या वेळी ‘कुठल्या देशात’ असं विचारलंसुद्धा नाही. ते म्हणाले, “घाना असता, तर तुम्ही तीन वर्षांपूर्वीच घरी गेला असता, नाडकर्णी.”

मलाही राग आला. नाडकर्णींचा कमी, हसणाऱ्यांचा जास्त, कारण इथे आल्यापासून दर वर्षी तिळगूळ खाऊन टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. त्याच रागात मी म्हटलं, मी उभी राहते.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी खरोखरच मतदान झालं. काका मतदान अधिकारी. उमेदवारांनी पेटीला हात लावायचा नाही, ही पहिली ताकीद. बुटांचा रिकामा खोका त्यांनी सगळ्यांसमोर उलटा करून दाखवला, टेपने बंद केला, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. शाईसाठी मला फार्मसीतून जखमेला लावायचं जांभळं औषध आणायला लावलं. आठवडाभर पेशंट माझ्या बोटाकडे बघून मलाच ‘दुखतंय का’ विचारत होते. एका चिठ्ठीवर कुणीतरी ‘लवकर जेवायला बसवा’ एवढंच लिहिलं होतं. काकांनी ती गंभीरपणे बाद ठरवली.

मी तीन मतांनी हरले.

“आता फोन करा,” काका म्हणाले.

“कुणाला?”

“नाडकर्णींना. हरलेल्याने जिंकलेल्याला फोन करून अभिनंदन करायचं असतं.”

नाडकर्णी दहा फुटांवर उभे होते. मी फोन लावला, त्यांनी उचलला, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत फोनवर बोललो. काकांनी स्वतः जाऊन त्यांचा हात हातात घेतला. “आता तुम्ही निवडून आलात. आजवर नुसते बसला होता.” आणि दोन मुदतींच्या नियमावर तिथल्या तिथे सही घेतली.

तिसऱ्या प्रहरी मी काकांना घरी सोडायला निघाले. वाटलं होतं खूश असतील. पण हॉलमधून निघताना कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, “काय काका, फिटली हौस?” ते धुमसत होते. रागावले की त्यांच्या बोलण्यात चंद्रपूर येतं. “हौस काहून म्हणते हा माणूस?” घराशी गाडी थांबवली तरी ते उतरले नाहीत. मग मी विचारलं, की काका, या एका गोष्टीचा एवढा राग का?

समोरच्या लाल मातीकडे बघत ते सांगायला लागले.

तिथे घानात त्यांच्या घरासमोर शाळा होती, आणि मतदान शाळेच्या अंगणात असायचं. एका वर्षी मतदानाच्या दिवशी सकाळी पुष्पाकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, तापात झटके यायला लागले. मलेरिया मेंदूत गेला होता. ड्रायव्हर लांबच्या आपल्या गावी मत द्यायला गेलेला, गाडी चालू होईना. काका रस्त्यावर धावत आले. पहाटेपासून रांगेत उभे असलेले सहा जण रांग सोडून आले. आपापल्या जागी त्यांनी एकेक दगड ठेवला, शाळेतलं बाक उचललं, त्यावर काकूंना निजवलं आणि मैलभर चालत दवाखान्यात नेलं. ते सहा जण परतले तेव्हा दगड रांगेतच होते, पुढे सरकलेल्या रांगेबरोबर लोकांनी तेही पुढे सरकवले होते.

काकू दुपारी गेल्या.

“संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा अंगणात मोजणी चालू होती,” काका म्हणाले. “एकेक मत उंच धरून दाखवत होते आणि सगळा गाव मोठ्यानं आकडा म्हणत होता. मला बघितलं आणि गप्प झाले. अधिकारी म्हणजे तिथल्याच शाळेतल्या बाई. त्या माझ्याजवळ आल्या. त्यांना कळलं होतं. मला म्हणाल्या, पुढे मोजू का?”

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

“मी त्या देशाचा नाही, डॉक्टर. मला तिथं मत नव्हतं. तरी मला विचारलं.” त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. “मोजा म्हटलं. घरात जाववेना. म्हणून तिथंच उभा राहून त्यांच्याबरोबर आकडे म्हणत राहिलो. शेवटपर्यंत.”

थोड्या वेळाने मी विचारलं, “कोण जिंकलं मग?”

“ते मला आठवत नाही,” रामटेके काका म्हणाले.