कॅरिअरवरचं पोतं

डॉक्टर वैद्यनाथांनी गोळ्या लिहून दिल्याच नाहीत. "मामा, सायकल काढा, मनाला बरं वाटेल," एवढंच म्हणाले. नरसिंहरावांची बायको वत्सला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. तेव्हापासून हा माणूस मेलकावेरीच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. बरं वाटेल म्हणे!

तरी त्यांनी सायकल काढली, आणि चार घरं ओलांडायच्या आत गटारात गेले. कारण साधं होतं, पण सांगणार कुणाला? लग्नापासून वत्सला मागे कॅरिअरवर बसायची. बाजार, देऊळ, नाचियार्कोविलचा उत्सव, सगळीकडे तशीच. मागे वजन नसलं की त्यांच्या हातात हँडल ठरेना.

मग त्यांनी शक्कल लढवली. तांदळाचं पोतं कॅरिअरला बांधलं. सायकल सरळ धावू लागली. पण गल्लीला डोळे असतात आणि तोंडही असतं, हे बिचारे विसरले. शेजारच्या जयश्रीनं अडवलंच.

"मामा, पोन्नी तांदूळ आहे कां? आम्हांस पांच किलो टाका."

"विकायचा नाहीं गे."

"अय्यो, लाजतां कशाला? कष्ट करणं पाप आहे कां?"

संध्याकाळपर्यंत बातमी पिकली : पेन्शन बंद झाली, मामा तांदूळ विकतात. कुणी सांबार आणून दिलं, कुणी जुने शर्ट. कापडवाल्या अनंतकृष्णानं तर मुलीच्या लग्नाचा सगळा तांदूळ सांगितला आणि पाठीवर थोपटून गेला. नरसिंहराव 'नाहीं, नाहीं' म्हणत, तसे लोकांना ते आणखीच स्वाभिमानी वाटत.

शेवटी चेन्नईहून मुलीचा फोन आला. "अप्पा, तांदूळ विकतां? मी मेलें कां?"

"तें पोतं तुझ्या आईच्या जागीं आहे, मधुमिता. मागं कुणी नसलं तर मला सायकल चालवतां येत नाहीं."

शनिवारी सकाळी मधुमिता दारात हजर. तिनं पोतं सोडलं, स्वतः मागे बसायला गेली, आणि अप्पांचे वाळलेले पाय पाहून थांबली.

"तुम्हीं मागं बसा. मी चालवतें."

"लोक हसतील."

"शर्ट आणून दिले, त्यापेक्षां हसूं द्या."

नरसिंहराव आयुष्यात पहिल्यांदा मागे बसले. बाजार आला, पण रस्ता काही दिसेना. समोर फक्त मुलीची पाठ. मान बाहेर काढली की "अप्पा, नीट बसा!" म्हणून ओरडा. नाचियार्कोविलपर्यंतच्या साऱ्या वाटेत वत्सलाला एवढंच दिसत होतं? आणि तरी प्रत्येक वेळी उतरताना म्हणायची, "किती छान फिरून आलों!"

मुलीच्या पाठीला कपाळ टेकून ते भर बाजारात हमसून हमसून रडले. वत्सला गेली त्या दिवशीही असे रडले नव्हते.

घर आलं. मधुमितानं ब्रेक दाबला नाही. दारावरून तशीच पुढे गेली, आणखी एक फेरी मारायला.